दहा मिनिटं नळाखाली

४ फेब्रुवारी

शाईबाई,

तू फोनवर बोलतेस ते तुझी मामी ऐकते आणि मला त्यातलं निम्मं सांगते. उरलेलं निम्मं ती स्वतःजवळ ठेवते. कानात घालायचं यंत्र आणलंय, पण त्यातून माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. तेव्हा हे पत्र, आणि उत्तरही पत्रानंच दे.

मामी सांगत होती की तुमच्या इस्पितळात तयार रंगाच्या बाटल्या वेळेवर येत नाहीत, म्हणून जानेवारीपासून तू तो रंग प्रयोगशाळेत स्वतःच करायला लागलीस. आणि ज्या पुडीपासून करतेस ती माझ्याच ढलप्यांच्या झाडाची आहे. हे खरं का? चाळीस वर्षं मी त्या झाडाचा गाभा उकळून गालिच्यांची लोकर जांभळी करतोय. त्याच रंगानं कुणी माणसाच्या आतलं बघत असेल असं मला एकानंही सांगितलं नव्हतं. तू लहानपणी माझ्या शेडमध्ये हातपाय जांभळे करून घ्यायचीस म्हणून तुझं नाव शाई पडलं. ते धंद्यालाच लागलं म्हणायचं.

सगळं सविस्तर लिही. तुरटी किती घालतेस, पाणी किती ऊन लागतं, किती वेळ मुरवतेस, रंग नीट चढलाय हे कशावरून ओळखतेस. मला काही अडलंय अशातला भाग नाही. माझा जांभळा नेहमीसारखाच उतरतो. आपली सहज चौकशी.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि हसू आलं. हो, तुझ्याच झाडाची पूड. बरणी उघडली की तुझ्या शेडचा वास येतो.

ऊन पाण्यात पूड विरघळवायची. मग भरपूर तुरटी, ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. नुसती पूड काही कामाची नसते. हवा लागून ती पिकावी लागते, तेव्हा तिच्यातला खरा रंग तयार होतो. जुने लोक बाटली खिडकीत उन्हाला ठेवून महिना दीड महिना वाट बघायचे. मी आयोडेट नावाचं एक मीठ चिमूटभर घालते, त्यानं रंग लगेच पिकतो. शेवटी थोडं लिंबाचं आम्ल, म्हणजे रंग जिथे नको तिथे फारसा बसत नाही. गाळला की झाला.

आता रंगवायचं काय, ते सांगते. डॉक्टरांनी पेशंटच्या अंगातून काढलेला वाटाण्याएवढा तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात घट्ट बसवून त्याचा ठोकळा करतो. मग यंत्रावर त्याचे काप काढायचे. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एक काप. तो काचपट्टीवर घेतला, मेण काढून टाकलं की काचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही. मग पट्टी रंगात बुडवायची, धुवायची, आम्लात क्षणभर घालून जास्तीचा रंग उतरवायचा. या वेळी रंग तांबूस असतो. ती पट्टी वाहत्या नळाखाली दहा मिनिटं धरली की निळीजांभळी होते. आम्ही त्याला निळवणं म्हणतो. प्रत्येक पेशीच्या मधोमध असतं ते केंद्रक तेवढं निळं होतं, बाकीची पेशी मग दुसऱ्या रंगानं गुलाबी करायची.

माझं सगळं छान चाललंय. स्वतः केलेला रंग बाजारच्या रंगापेक्षा सरस असतो असं मला वाटतं.

एक विचारायचं होतं. लड्या रंगवून झाल्यावर तू किती वेळ धुतोस? सहज विचारते.

शाई


१८ फेब्रुवारी

शाईबाई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं बारीक काम करते तरीच पोरगी घरी आल्यावर सुई धाग्याला हात लावत नाही.

लड्या मी पाणी नितळ येईपर्यंत धुतो, घड्याळ लावून नाही. पण मला वेगळाच प्रश्न पडलाय. पेशी सगळीच त्या रंगात बुडते ना? मग तो केंद्रकातच का बसतो? बाकीच्या पेशीनं काय घोडं मारलंय? मी लोकर बुडवली तर ती शेवटच्या तंतूपर्यंत सगळी रंगते. तुझा रंग मात्र जागा बघून बसतो. यावर विचार करत परवा अख्खी सकाळ शेडच्या पायरीवर बसून होतो.

आणखी दोन गोष्टी. तुरटी जुनी झाली तर बिघडते का? माझ्याकडची पिंपातली आहे, चार वर्षांची. आणि तुमच्याकडे रंग बरोबर आलाय हे शेवटी कोण ठरवतं? म्हणजे ठरवणाऱ्याचे डोळेच जर नीट नसतील तर ते कळणार कसं?

नुसतं कुतूहल.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुरटी कोरडी ठेवलीस तर चार वर्षांत तिला काही होत नाही.

केंद्रकातच का, हे शिकताना मीही विचारलं होतं. केंद्रकात बारीक धाग्याचा एक गुंडा असतो. आईबापांकडून आलेला सगळा नाकनक्शा त्याच्यावर लिहिलेला असतो म्हण. तो धागा आम्लाच्या जातीचा आहे. तुरटीतल्या धातूचा एक हात रंग धरतो आणि दुसरा हात त्या धाग्याला. तुझ्या लोकरीतही तुरटी हेच करते, फक्त तिथे तिला सगळीकडेच धरायला जागा सापडते.

रंग बरोबर आहे की नाही ते आधी मी ठरवते. रोज सकाळी अपेंडिक्सची एक पट्टी रंगवून पाहते आणि मगच पेशंटच्या पट्ट्यांना हात लावते. शेवटचा शब्द डॉक्टरबाईंचा. सूक्ष्मदर्शकात केंद्रकाच्या आतली बारीक रवाळ नक्षी दिसली पाहिजे. पेशी धड आहे की बिघडलेली, ते त्यावरून कळतं. नक्षी पुसट असेल तर डॉक्टरबाई अहवालात संशयास्पद असं लिहितात, आणि त्या माणसाचा पुन्हा तुकडा काढावा लागतो.

डोळ्यांचं तू का विचारलंस ते कळलं नाही. माझा चष्मा गेल्याच वर्षी बदललाय. मामीनं तुला काही सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. या आठवड्यात मी रंगाची दुसरी बाटली केली, पुन्हा सगळं मोजून मापून. कामाचा भाग आहे.

शाई


३ मार्च

बाळ,

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांना माहीत नाही. ते केस कापायला गेलेत.

गेले तीन आठवडे शेडमधली चूल पेटलेली नाही. तुला म्हणतात जांभळा नेहमीसारखा उतरतो, तो उतरत नाही. विटकरी, मळकट, वाळलेल्या रक्तासारखा येतो. चार वेळा केला, चारही वेळा तसाच. त्या लड्या माळ्यावर पोत्याखाली दडवल्यात, मी झाडायला चढले तेव्हा सापडल्या. मला विचारशील तर मला तो रंग चुकलेला स्वच्छ दिसतो. पण ह्यांनी मनाशी धरलंय की आपले डोळे गेले, ढलप्या जास्त पडतात की कमी ते आता कळत नाही.

मागच्या सोमवारी गालिचेवाली बाई आली होती. तिला ह्यांनी सांगितलं, यापुढे दुसरा रंगारी बघ, मी थांबलो. ती गेल्यावर हे तासभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. तुझं पत्र आलं की वाचतात आणि म्हणतात, बघ, तोच रंग पोरीला कसा साधतो.

मी लिहिलं हे सांगू नकोस. काहीतरी कर.

मामी


९ मार्च

मामा,

मी तुला खोटं लिहिलं. माझं काही छान चाललेलं नाही.

जानेवारीच्या मध्यापासून माझी केंद्रकं निळी होत नाहीत, तांबूसच राहतात. त्यावर गुलाबी रंग चढला की सगळं एकमेकांत मिसळून जातं. आधी वाटलं मी रंग नीट पिकवला नाही. दुसरी बाटली केली. तीही तशीच. डॉक्टरबाई आठ वर्षं माझ्यावर कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, आताही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "तू काही दिवस फक्त काप काढ. रंगवायचं आपण तयार बाटली आली की बघू." ते जास्त लागलं. तोवर संशयास्पद लिहिलेले अहवाल दर आठवड्याला वाढत गेले होते. एक बाई दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तुकडा द्यायला आली. बाकावर बसून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी हातात काहीही नसताना कपाट आवरत होते.

तू रंगाबद्दल विचारलंस तेव्हा मला वाटलं, मामा चाळीस वर्षं हेच करतो, त्याला कसं सांगू की मला जमत नाही.

काल बाजारची सीलबंद बाटली आली. मी गुपचूप एक पट्टी रंगवली. तीही तांबूसच. म्हणजे रंग माझा असो की बाजारचा, फरक नाही. मग चुकतंय काय, ते मला सुचत नाहीये. तुझ्याकडे कधी असं झालंय का? झालं असेल तर खरं लिही. कधीपासून, आणि त्या वेळी काय काय बदललं होतं, ते सगळं. कितीही किरकोळ असो.

शाई


१५ मार्च

शाईबाई,

मामीचं पत्र तुला पोचलेलं दिसतं. ती नाही म्हणते, पण तिला खोटं बोलायचं वळण नाही. असो. माझंही तसंच झालंय, आणि जानेवारीतच.

तुझं पत्र वाचलं आणि मी मामीसमोर बसून गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं एक एक ताडून बघायला लागलो. ढलप्या त्याच पोत्यातल्या. तुरटी तीच. भांडं तेच. चूल तीच. लोकर नवी होती, म्हणून जुनीतली एक लडी शोधून रंगवली होती, तीही बिघडलीच होती. मामी चहा टाकत होती. ती आपली बोलायचं म्हणून बोलली, "या वर्षी एक गोष्ट मात्र चांगली झाली. नवं पाणी आल्यापासून किटलीत पांढरा थर धरत नाही. साबणालाही किती फेस येतो."

मी म्हटलं, "नवं पाणी कधी आलं?"

ती म्हणाली, "संक्रांत झाली त्या आठवड्यात नाही का, तुम्ही नळ उघडून बघायला मला हाक मारली होतीत."

बघ, मीच हाक मारली होती. डोंगरातल्या तलावाची नवी लाईन. आधी आपल्याला विहिरींचं जड पाणी होतं, त्यात चुना भरपूर. किटलीत थर धरायचा तो त्याचाच. तलावाचं पाणी हलकं. आणि ती लाईन आमच्याच गावापुरती नाही, पुढे तुमच्याकडेही जाते.

मग मी उठलो. शेडमागच्या विहिरीवर फळ्या टाकल्या होत्या, त्या काढल्या. दोन बादल्या शेंदल्या. मामी ओरडत होती की कंबर धरेल, ती धरलीच. एक लडी नळाच्या पाण्यात रंगवली, एक विहिरीच्या. ढलप्या, तुरटी, वेळ, सगळं तंतोतंत सारखं. नळाची विटकरी. विहिरीची अशी जांभळी की मी ती दोरीवर टाकली आणि तिथेच खाली बसलो. मामीला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती.

सोबत विहिरीचं पाणी पाठवतोय, दोन बाटल्या, बुचावर मेण लावलंय. तुझं ते दहा मिनिटं नळाखाली धरायचं काम यात करून बघ. तू मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की नळाखाली रंग निळा होतो. मी ते तीनदा वाचलं आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मामा


१० एप्रिल

मामा,

बाटल्या धड पोचल्या. त्या दिवशी मी एकाच ठोकळ्याचे दोन काप घेतले, एकाच बाटलीत रंगवले, आम्लातून काढले. एक पट्टी नळाखाली, एक तुझ्या विहिरीच्या पाण्यात. तुझी पट्टी तिसऱ्या मिनिटालाच निळी व्हायला लागली. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

दोन्ही पट्ट्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी आलटून पालटून कितीतरी वेळ पाहिल्या.

"ही कुठल्या बाटलीतली?"

"दोन्ही एकाच बाटलीतल्या. ती नळाच्या पाण्यातली. ही माझ्या मामाच्या विहिरीतली."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याची कागदी पट्टीनं परीक्षा करायला सांगितली. आमच्या नळाचं पाणी किंचित आंबट निघालं, आणि रंग निळा व्हायला पाणी क्षाराच्या अंगाचं, सोड्यासारखं लागतं. हे मी पुस्तकात शिकले होते, मामा. पण आठ वर्षं नळानं कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे नळाकडे बघायचं मला सुचलंच नाही. मी माझ्या हातांकडेच बघत राहिले. आता आम्ही डिस्टिल्ड पाण्यात थोडा खाण्याचा सोडा आणि मॅग्नेशियमचं मीठ घालून निळवतो. नळाचा संबंधच तोडला.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. जानेवारीपासून त्याच फिक्या पट्ट्यांवर अहवाल गेले होते. ठोकळे आम्ही जपून ठेवतो. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, ते सगळे पुन्हा कापून पुन्हा बघायला हवेत. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"त्या अहवालांवर माझ्या सह्या आहेत."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

त्यांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढली आणि कपाट स्वतः उघडलं. दोनशे चौदा ठोकळे होते. मी नऊ दिवस कापत आणि रंगवत होते, त्या बघत होत्या. चार जणांचं संशयास्पद पुसलं गेलं. त्या बाकावरच्या बाईचंही. तिला काही झालेलं नव्हतं, फक्त आमचं पाणी बदललं होतं.

आणि एक उलटा निघाला. एक सुतार, जिभेच्या कडेला व्रण होता. त्याला आम्ही काही विशेष नाही असं कळवलं होतं. नव्या पट्टीवर ती केंद्रकं बघून मला डॉक्टरबाईंनी बोलावलंसुद्धा नाही, त्या नुसत्या उठून बाजूला झाल्या आणि खुर्ची मला दिली. मी शिकलेली डॉक्टर नाही, पण मलाही दिसलं.

त्याला फोन त्यांनी स्वतः केला. दुसऱ्या दिवशी तो आला, शर्टावर भुसा तसाच. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आमच्याकडून दिसायचं राहिलं. तो म्हणाला, "आता दिसलं ना?" शुक्रवारी त्याचं ऑपरेशन झालं. फार पसरलेलं नव्हतं. दोन महिने आधी दिसलं असतं तर आणखी थोडं कापायचं वाचलं असतं, असं सर्जन म्हणाले. ते वाक्य मी आणि डॉक्टरबाई दोघीही बरोबर घेऊन फिरतोय. पण त्या मला परवा म्हणाल्या की रंगवायचं काम आजपासून परत तुझं.

आता तुझं. रंग पाण्यानं बिघडला हे खरं, पण तू डोळ्यांचं पहिल्या फटक्यात मनाशी धरलंस, ते उगाच नसणार. तपासून घे. मामीला सांगितलंय, तुला धरून न्यायला.

शाई


६ जून

शाईबाई,

अक्षर मोठं आहे, चालवून घे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. मोतीबिंदू दोन्हीत निघाला. डॉक्टर म्हणाला, बऱ्याच वर्षांचा आहे, भिंग पिवळं पडलंय. म्हणजे रंग पाण्यानं बिघडला आणि डोळाही गेलेला होता. दोन्ही खरं. मी अगदीच वेडा नव्हतो.

पट्टी सोडली तेव्हा पहिली दिसली ती समोरची भिंत. इतकी पांढरी भिंत मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. मग मामी. तिच्या केसांत एवढं पांढरं कधी झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही लोकर बघत होतात तेव्हा.

घरी येऊन पेटीतल्या जुन्या लड्या काढल्या. शाई, मला धक्काच बसला. गेली आठ दहा वर्षं मी मनातला जांभळा साधायला ढलप्या वाढवत गेलो होतो. पिवळ्या भिंगातून निळा कमी दिसायचा, म्हणून. नव्या डोळ्यानं बघतोय तर सगळ्या लड्या भडक, डोळ्यात खुपतील अशा. आणि लोक म्हणायचे, मामाचा हात धीट आहे.

गालिचेवालीला निरोप धाडला. नळाची लडी आणि विहिरीची लडी तिच्यापुढे ठेवली, काय झालं होतं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, दुसरा रंगारी मी शोधलाच नव्हता, गालिचा मागावर तसाच अर्धा पडलाय. मग मी उत्साहानं नवी चूल पेटवली, नव्या डोळ्यानं बघून ढलप्या घातल्या, आणि मला हवा होता तो मऊ जांभळा काढला. चाळीस वर्षांत मला इतका आवडलेला रंग नाही. तिनं लडी खिडकीशी नेली, उलटसुलट केली.

"मामा, हात आखडला का? हा फिका आहे."

मी म्हटलं, हात तोच आहे, डोळा बदललाय. तिला ते फारसं पटलं नाही. पण फिकी लडी तिनं खाली ठेवली नाही, बोलता बोलता बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, पुढच्या गालिच्याला ही घेईन. पण मागावर अर्धा आहे त्याला जुनाच लागेल, अगदी तसाच.

तेव्हा आता शेडमध्ये रोज दोन भांडी चढतात, पाणी विहिरीचं. एकासाठी डावा डोळा उघडा ठेवतो आणि उजवा मिटतो, दुसऱ्यासाठी उजवा उघडा आणि डावा मिटलेला. डॉक्टर उजव्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात म्हणत होता. मी त्याला सांगितलं, तिचा अर्धा गालिचा पुरा होऊ दे. जुना जांभळा जुळवायला मला एक जुना डोळा लागेल.

मामा